खारपाणपट्ट्यातला कडा : घरच्या फिश टँकच्या बॅकग्राउंडचं एक प्रकरण

टँक तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर साधारण १६० लिटर पाणी मावतं. अकोल्याहून आणलेला आणि बैठकीत भिंतीला लागून लोखंडी स्टँडवर ठेवलेला. मागची भिंत पोपटी, तिच्यावरून गेलेली बोर्डाची वायर, एअर पंपाची नळी, पाल बसली तर पाल, सगळं माशांच्या मागे दिसायचं. गाव तेल्हारा तालुक्यातलं, घर माझ्या मोठ्या बहिणीचं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो माझा भाचा, तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. त्याला टँकच्या मागे कडा हवा होता. नरनाळ्याच्या किल्ल्यावर चढताना दिसतात तसे बसाल्टचे थर, मधे भेगा, आणि एखाद्या कपारीतून मासा बाहेर येईल अशी जागा.

असं बॅकग्राउंड तयारही मिळतं, पण महाग पडतं आणि मापात बसेलच असं नाही. घरी करायची रीत सगळीकडे जवळपास सारखीच. थर्माकोल कोरायचं, त्यावर सिमेंटचे पातळ हात द्यायचे, रंग सिमेंटमध्येच कालवायचा, सिमेंटमधला मोकळा चुना पाण्यात भिजवून काढून टाकायचा आणि शेवटी टँकच्या आत, मागच्या काचेला सिलिकॉननं चिकटवायचं. कोरण्याची मजा सगळ्यांना कळते, चुना काढण्याचा कंटाळा सगळ्यांना येतो. या घरात तर प्रश्न कंटाळ्याचा नव्हताच. चुना काढायला पाणी लागतं, आणि इथे गाडं पाण्यापाशीच अडलं.

पाणी कोणतं?

पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा जातो, त्यात हे गाव आहे. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, भांड्यांवर पांढरे डाग राहतात. गोडं पाणी नळाचं, तेही आठवड्यातून एकदा. त्या दिवशी ड्रम, टाक्या, घागरी, जे हाताशी येईल ते भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे.

भाऊजींचं गावात कृषी केंद्र आहे, त्यामुळे या घरात पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर आणि पाणी आम्ल की अल्क ते दाखवणाऱ्या पीएचच्या पट्ट्या असतात. फवारणीचं पाणी कसं आहे हे शेतकऱ्याला सांगावं लागतं. त्या मीटरवर बोअरचं पाणी लिटरमागे २,१०० मिलिग्रॅमच्या थोडं वर दाखवत होतं, नळाचं अडीचशेच्या आत. पीएच बोअरचा आठच्या थोडा वर, नळाचा साडेसातच्या आसपास.

चुना काढायला महिनाभर तरी पाणी बदलत राहावं लागेल, दर वेळी दीडशे-दोनशे लिटर, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा भाऊजींनी भाच्याच्या हातातून फोन घेतला. "पाणी आठ दिवसाआड येते, अन् तुम्ही म्हणता बदलवत राहा. मग माणसानं काय प्यायचं?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. माशांच्या भिंतीसाठी घरातलं गोडं पाणी ओतून टाकणं मला तरी मान्य होण्यासारखं नव्हतं. तोडगा निघाला नसता तर काम तिथेच सोडलं असतं.

चुना काढायचाच कशासाठी?

ओल्या सिमेंटमधून कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुना सुटतो. त्याचं संपृक्त पाणी साडेबाराच्या जवळ पीएच दाखवतं, आणि त्यात मासा काही मिनिटांतच कल्ले जाळून घेतो. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून सिमेंट चार-आठ दिवस भिजवतात आणि झालं म्हणतात. खरी गोम त्यानंतरच्या टप्प्यात आहे. पीएच बारावरून नऊवर आला की मासा लगेच मरत नाही. तो तीन-चार दिवसांनी मरतो आणि दोष खाण्याला किंवा उन्हाळ्याला दिला जातो.

कारण अमोनिया. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून टँकमध्ये अमोनिया तयार होतच असतो. त्याचा काही भाग निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो आणि उरलेला विषारी, मुक्त अमोनिया असतो. हा वाटा पीएच आणि तापमान ठरवतात. पाणी ३० अंशांवर असताना पीएच ७ ला मुक्त अमोनिया एकूणच्या एक टक्काही नसतो, ८ ला साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो आणि ९ ला जवळजवळ ४५ टक्के. अमोनिया तेवढाच, पण पीएच दोन अंकांनी चढला की विष पन्नास पटींहून जास्त. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश असताना बैठकीतला टँक ३२-३३ वर सहज जातो. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३५ ला सातच्या आत. या सगळ्यात वरून सिमेंटचा चुना नको.

म्हणून माझं मत असं की पाण्याच्या आतलं बॅकग्राउंड ही आधी पाण्याची गोष्ट आहे, मग डोळ्यांची. ज्याला पाणी मोजायचं नाही त्यानं काचेच्या बाहेरच काय ते करावं. तिथेही छान दिसतं.

हा बाहेरचा पर्याय घरात बोलला गेला नाही असं नाही. भाच्याची आजी ओट्यावर बसून तमाशा पाहत होती. ती म्हणाली, "मासोयांसाठी एवढा पसारा? त्यापरीस काया कागद लाव ना मांगून!" आजीचं गणित चुकीचं नव्हतं. काळ्या पाठीवर माशांचे रंग उठून दिसतात, खर्च दहा रुपये, धोका शून्य. पण भाच्याला कपार हवी होती, आणि कागदाला कपार नसते.

थर्माकोल

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर सजावटीचं थर्माकोल दुकानांतून जवळजवळ गेलं. गावात फ्रिज-टीव्हीच्या पॅकिंगचं मात्र पडलेलं असतं. अकोटच्या एका इलेक्ट्रॉनिक्स दुकानातून भाच्यानं ते फुकट आणलं. आधीच तयार झालेला कचरा असल्यामुळे मलाही त्याचं काही वाटलं नाही.

मी पोचण्याआधी त्यानं एक प्रयोग करून ठेवला होता. कोरलेल्या तुकड्यावर स्प्रेच्या डब्यातला काळा रंग मारला. "मामा, थर्माकोल खाल्लं ना त्यानं सारं!" स्प्रे पेंटमधलं द्रावक पॉलिस्टायरीनला विरघळवतं. ऑइल पेंटमधलं थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, चपलांचा पिवळा गोंद, सगळ्यांची तीच कथा. सुताराचा पांढरा गोंद थर्माकोल खात नाही, पण पाण्यात सुटतो. तुकडे जोडायला सिलिकॉनच घ्यावं लागतं, आणि तेही बुरशीरोधक औषध नसलेलं. बाथरूमच्या फटींसाठी विकतात त्यात बहुधा ते असतं. ट्यूबवर ॲक्वेरियमसाठी चालतं असं लिहिलेलं बघून घ्यावं.

टँकच्या वर काचेच्या पट्ट्या असल्यामुळे तीन फुटांचं एक अखंड बॅकग्राउंड आत उतरणारच नव्हतं. म्हणून तीन तुकडे केले आणि सांधे सरळ न ठेवता भेगांच्या रेषेत घेतले. आडवे थर सुरीनं कापले. भेगा आणि खळगे मोबाइल दुरुस्तीवाल्या मित्राकडून आणलेल्या सोल्डरिंग गननं जाळून केले. धूर वाईट असतो, म्हणून हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. नमुन्यासाठी नरनाळ्याचे फोटो होते. दगड तिथून उचलायचा प्रश्नच नव्हता, तो सगळा भाग अभयारण्याचा आहे. फोटोंत एक गोष्ट नीट पाहिली: झिजलेल्या बसाल्टचे गोटे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात. भाच्यानं उजव्या तुकड्यात असे तीन-चार गोटे कोरले, आणि माझ्या मते सगळ्या कामात तेच सर्वांत खरे दिसतात. बाकी ठिकाणी त्याचा हात थोडा नक्षीकडे झुकला आहे.

डाव्या तुकड्याच्या मागे एक उभी पोकळी ठेवली, स्पंज फिल्टर मावेल एवढी. खाली पाणी आत यायला भोक, वर बाहेर पडायला भोक, आणि हवेच्या नळीसाठी ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचा तुकडा आतून बसवला. शेतकऱ्याच्या घरात तो शोधावा लागत नाही. पाणी फिरत नाही अशी बंद पोकळी मात्र कुठे ठेवू नये. तिथे घाण साचून पाणी सडतं, आणि दिसत नसल्यामुळे महिनोन्महिने कळत नाही.

सिमेंट, रंग आणि एक बादली

गावात मिळालं ते सिमेंट पीपीसी होतं, म्हणजे राख मिसळलेलं. या कामाला ते चांगलंच, कारण राख हळूहळू मोकळा चुना बांधून घेते. ही क्रिया आठवड्यांच्या हिशेबानं चालते, म्हणून घाई करून उपयोग नाही. पाच-सहा किलो पुरलं. रंगासाठी फरशीत घालतात ते काळं, लाल आणि थोडं पिवळं ऑक्साइड. लोखंडाची ऑक्साइडं पाण्यात विरघळत नाहीत. सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नयेत, थर कच्चा राहतो.

कालवायला बसलो तेव्हा भाच्यानं मागच्या खोलीतून निळी बादली आणली. धुतलेली, स्वच्छ. मी विचारलं कशाची, तर भाऊजीच म्हणाले, "फवाऱ्याची." ती बादली तिथूनच परत पाठवली. कपाशी-तुरीवर मारतात त्या सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन यांसारख्या पायरेथ्रॉइड औषधांचं प्रमाण माशांसाठी लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागतं, इतकी ती त्यांना घातक. प्लास्टिकमध्ये मुरलेलं औषध कितीही धुतलं तरी पूर्ण जाईल याची खात्री कोण देणार? खेड्यात टँक ठेवणाऱ्यांना मी एवढं एक कळकळीनं सांगेन: माशांची बादली, मग्गा, नळी वेगळी ठेवा आणि तिच्यावर रंगानं खूण करा. फवारून आलेल्या हातानं खाणं टाकू नका. डास पळवायचं लिक्विड मशीनही त्याच कुळातलं आहे. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, तेव्हा दोन्ही शेजारी लावू नयेत.

पहिला हात पळीनं ओतता येईल इतका पातळ दिला. त्याआधी थर्माकोल तारेच्या ब्रशनं खरखरीत केलं होतं, नाहीतर सिमेंट धरत नाही. पुढच्या हातांत चाळलेली बारीक रेती घातली. काचेला चिकटणारी मागची बाजू कोरी ठेवली. रंग शेवटच्या दोन हातांतच, ब्रशनं नाही तर फाटक्या स्पंजनं टिपून. ओलं सिमेंट हाताची सालं काढतं, हातमोजे घालावेत.

एप्रिलमधल्या वऱ्हाडी उन्हात पातळ सिमेंट मुरत नाही, वाळतं. वाळलेलं सिमेंट नखानं खरडलं की भुकटी होते. त्यामुळे प्रत्येक हात संध्याकाळी द्यायचा, वर ओलं पोतं टाकायचं आणि दुपारी दोन-तीनदा पोतं भिजवायचं, असा क्रम ठेवला. पोत्यावर शिंपडायला बोअरचंच पाणी घेतलं. आत सळई नसल्यामुळे खाऱ्या पाण्यानं गंजण्यासारखं काही नव्हतं.

खाऱ्या पाण्याचा उपयोग

पोत्यावरून पुढचा विचार सुचला. चुना पाण्यात उतरायला पाणी गोडंच हवं असं कुठे आहे? हवं ते एवढंच की पाणी बदलत राहावं. बोअरचं पाणी कोणाच्या तोंडचं काढून घ्यायचं नव्हतं, हवं तेवढं होतं. शिवाय खाऱ्या पाण्यातलं बायकार्बोनेट सुटणाऱ्या चुन्याला पृष्ठभागावरच कॅल्शियम कार्बोनेट करून बसवतं, आणि सिमेंटची बारीक छिद्रं त्यानं थोडी बुजतात. ज्या पाण्याला गावात सगळे नावं ठेवतात ते या एका कामाला नळाच्या पाण्यापेक्षा सरस ठरलं.

गोठ्याच्या मागे लांबट खड्डा केला आणि त्यात शेततळ्याचं उरलेलं प्लास्टिक अंथरलं. तीन तुकडे आत ठेवून बोअर सुरू केली तर तिन्ही वर. थर्माकोल पाण्यात तरंगणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते किती जोरानं वर येतं हे दाबून धरल्याशिवाय कळत नाही. शेवटी एकावर पाटा, एकावर मोडकं जातं आणि तिसऱ्यावर धोंडे ठेवले. त्याच वेळी काचेला चिकटवताना काय होणार याचा अंदाज यायला हवा होता. त्याबद्दल पुढे.

पहिल्या दिवशी पीएचची पट्टी बुडवली तर गडद जांभळी, म्हणजे पीएच फार चढा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर पांढरा पापुद्रा धरलेला होता, बोटानं ढकलला की काचेसारखा तुटायचा. चुन्याच्या पाण्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला की हा पापुद्रा येतो. तो दिसतोय तोवर पट्टीसुद्धा वाया घालवू नये, सरळ पाणी काढून टाकावं. सुरुवातीला एक-दोन दिवसांनी, नंतर चार-पाच दिवसांनी पाणी बदललं. काढलेलं पाणी मुरमाच्या रस्त्यावर ओतलं. परसातल्या भाजीला, आणि गुरांना तर अजिबात नाही. खड्ड्याला काट्यांचं कुंपणही केलं, कारण वासरू कुठेही तोंड घालतं.

आता मोजायचं कसं? पुस्तकी सल्ला असतो की पीएच सातच्या जवळ आला की काम झालं. पण बोअरचं मूळ पाणीच आठच्या वर असेल तर सात येणार कुठून? म्हणून शेजारी त्याच बोअरच्या पाण्याची एक बादली झाकून ठेवली. पाणी बदलल्यावर चोवीस तासांनी खड्ड्याची आणि बादलीची पट्टी शेजारी शेजारी धरायची. दोन्ही पट्ट्यांचा रंग सारखा आला, आणि तोही लागोपाठच्या पाण्यांत, की चुना संपल्यात जमा. या तुलनेशिवाय खारपाणपट्ट्यात, किंवा खरं तर पाणी जड असलेल्या कुठल्याही गावात, नुसत्या पीएचच्या आकड्याला अर्थ नाही. रंग जुळायला महिना उलटून गेला. त्यानंतरचं शेवटचं भिजवणं तेवढं नळाच्या पाण्यात केलं, मीठ उतरावं म्हणून, आणि ते पाणी अंगणात शिंपडायला वापरलं. संपूर्ण कामात गोडं पाणी एका ड्रमच्या आसपास गेलं. भाऊजींची तक्रार मिटली.

वर ढकलणारं पाणी

बसवताना जे झालं ते जरा आकड्यांत पाहावं लागेल. बॅकग्राउंडचा पाण्याखाली येणारा भाग साधारण ९० सेंटिमीटर लांब, ३८ उंच, सरासरी ५ जाड. म्हणजे १७ लिटर. जेवढे लिटर पाणी बाजूला सरतं तेवढे किलो वर ढकललं जातं. थर्माकोलचं स्वतःचं वजन पावशेराच्या थोडं वर आणि सिमेंटच्या थराचं पाण्यातलं वजन दीड-दोन किलो. वजा जाता पंधरा किलोचा जोर सतत, रात्रंदिवस वरच्या दिशेनं. हा जोर पेलायचा फक्त सिलिकॉननं.

काच स्पिरिटनं पुसली, प्रत्येक तुकड्याच्या मागे कडेनं चौकोनी आणि मधे फुलीची रेघ अशी सिलिकॉनची धार दिली, दाबून बसवलं आणि आठवडाभर सोडलं. मग चाचणीसाठी टँक बोअरच्या पाण्यानं भरला. पाणी वर आलं तसा मधला तुकडा खालच्या कडेनं काचेपासून सुटू लागला, फट बोटभर झाली आणि मग पूर्ण तुकडा सुटून वरच्या काचेच्या पट्टीला जाऊन धडकला. पट्टी फुटली नाही हे नशीब.

सुटलेल्या तुकड्याची मागची बाजू पाहिली तर कडेची रेघ रबरासारखी घट्ट झालेली, आणि मधली फुली अजून ओली, बोटाला लागणारी, व्हिनेगरचा वास मारणारी. सिलिकॉन वाळत नाही, ते हवेतल्या दमटपणानं मुरतं. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला थर्माकोल आणि चारी बाजूंनी आधीच घट्ट झालेली रेघ, मग दमट हवा आत जाणार कुठून? त्यात मे महिना. दुपारी ओठ फुटतात इतकी कोरडी हवा.

दुसऱ्यांदा चिकटवताना चौकोन मोडला. वरून खाली जाणाऱ्या उभ्या, सुट्या रेघा दिल्या, दोन रेघांमध्ये दोन बोटं जागा, दोन्ही टोकं उघडी. खोलीत कूलर सुरू ठेवला, त्याच्या ओलाव्याचा इथे फायदाच झाला. शिवाय तुकड्यांची वरची कड काचेच्या पट्टीखाली घट्ट अडकेल अशी थर्माकोलची पाचर बसवली, म्हणजे उद्या सिलिकॉननं दगा दिला तरी तुकडा उसळणार नाही. मुळात उंचीच तेवढी ठेवली असती तर पाचरही लागली नसती. नव्यानं करणाऱ्यानं माप घेतानाच हे धरावं. या वेळी दोन आठवडे थांबून पाणी भरलं. काही हललं नाही.

मासे आणि रोजचं पाणी

भाच्याला निऑन टेट्रा हवे होते. त्यांना मऊ, किंचित आम्ल पाणी मानवतं. इथे नळाचं पाणीही तसं नाही आणि सिमेंट कितीही भिजवलं तरी पाणी थोडं जडच करत राहतं. पाण्याशी भांडण्यापेक्षा पाण्याला मानवणारे मासे आणलेले बरे. मॉली आणि गप्पी जड, थोड्या खारट पाण्यातही खुशाल राहतात. गप्पी तर हिवतापवाले डबक्यांत, विहिरींत सोडतात तोच.

टँक एक भाग बोअर आणि तीन भाग नळ असा भरला. मीटरवर सातशेच्या आसपास आलं. नळाचं पाणी आधी एक दिवस उघड्या ड्रममध्ये ठेवलं, क्लोरीन उडून जावा म्हणून. यापुढचा नियम मात्र सगळ्यांना समजावून सांगावा लागला. उन्हाळ्यात पंख्याखाली टँकचं पाणी रोज लिटर-दीड लिटर उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. ती तूट बोअरच्या पाण्यानं भरली तर टीडीएस चढत चढत जातो आणि एक दिवस मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. म्हणून उडालेलं पाणी भरायचं ते गोड्यानंच. मिश्रण वापरायचं ते फक्त दर पंधरवड्याच्या अर्ध्या बदलाला.

पहिल्याच महिन्यात डाव्या टोकाला काच आणि सिमेंटमधल्या अर्ध्या बोटाच्या फटीतून गप्पीची पिल्लं मागे जायला लागली. लहान असताना परत यायची, मोठी झाली की अडकायची. फटीत शेडनेटची गुंडाळी कोंबली, फिल्टरच्या खालच्या भोकालाही शेडनेट लावलं. पाणी जातं, मासा जात नाही.

रंगावर घेतलेली मेहनत तीन महिन्यांत शेवाळानं झाकली. लाल ऑक्साइडचे टिपके आता शोधून दाखवावे लागतात. मला स्वतःला हे शेवाळलेलं रूपच आवडतं. भाचा अजून हळहळतो.

शेवाळ खायला म्हणून त्यानं मधेच सकर मासा आणायचा विचार केला होता. त्याला नको म्हटलं. सकर पृष्ठभाग खरवडत फिरतो, आणि कुठे सिमेंटचा थर पातळ असला तर खालचं थर्माकोल उघडं पाडतो. शिवाय तो हातभर वाढतो, मग लोक त्याला नदीत नेऊन सोडतात, आणि नदीचं वाटोळं होतं.

दिवाळीच्या सुमारास काच आतून पुसायच्या मॅग्नेटचा धक्का लागून मधल्या तुकड्याच्या वरच्या कडेचा रुपयाएवढा टवका उडाला आणि पांढरं थर्माकोल दिसू लागलं. ओलं सिमेंट मासे असलेल्या टँकमध्ये लावायचं नाही. पाणी त्या जागेच्या चार बोटं खाली उतरवलं, जागा पुसून दिवसभर कोरडी होऊ दिली, वर सिलिकॉनचा पातळ लेप दिला आणि तो ओला असतानाच काळं ऑक्साइड मिसळलेली कोरडी रेती त्यावर दाबली. पाणी तीन दिवस खालीच ठेवलं. ठिगळ दिसतं, पण जवळ गेल्यावरच.